ठिणगीच्या कानातला माणूस

ठिणगी स्टेजवर चिडते ना, ती माझ्यामुळे चिडते! तुम्हाला वाटत असेल, तिला अन्याय बघवत नाही. असेलही. पण नेमकं कोणत्या ओळीला बघवत नाही, ते मी ठरवतो.

ठिणगी म्हणजे ती पॉप गायिका हो. चंदेरी बूट, वर मूठ. नदी नासली की गाणं. झाडं तोडली की गाणं. शाळेचं छत पडलं की गाणं, वर नाच. तिच्या कानात एक इवलंसं यंत्र असतं आणि त्यात मी बोलतो. "एक, दोन, तीन, चार. डावीकडे चल. डोळे मीट. मूठ वर." हे सगळं मी आधी रेकॉर्ड करतो आणि कार्यक्रमात गाण्याबरोबर सोडतो. लोकांना मोठ्या स्पीकरमधून नुसतं गाणं, तिला कानात नुसता मी. गाणंही रेकॉर्ड केलेलंच! एवढ्या उड्या मारून गाईल कोण? ती ओठ हलवते. एरवी मी तिला मॅडम म्हणतो, पण कानात सगळं एकेरी. तालात 'कृपया' बसत नाही. थोडक्यात, कान भरणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय!

माझी ताई सरकारी इस्पितळात सिस्टर आहे. कमी दिवसांची बाळं ठेवतात, त्या वॉर्डात. काचेच्या पेट्या, त्यात तळहाताएवढी माणसं. तर तो वॉर्ड बंद करून तिथे गाडीतळ करायचं ठरलं. गाड्यांना सावली हवी ना! बाळांनी मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात जायचं, भर गर्दीतून.

"काही जण वाटेतच जातील रे," ताई म्हणाली. ती ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही. आमच्या घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आलाय, आणि मी तो त्या दिवशी पुरेपूर वापरला. टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा ग्लास पडला.

"तू बघच आता!" मी म्हणालो. "ठिणगीला आणतो. वॉर्ड बंद करणाऱ्या मोठ्या साहेबांना स्टेजवर बसवतो. गाणं संपलं की तू माइकवर ये आणि सगळ्यांसमोर त्यांना विचार, बाळं कुठे न्यायची!"

"मला बोलू देतील?"

"माझा शब्द आहे, ताई!"

"बरं. आधी ते पाणी पूस."

ठिणगीला सांगितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कानात काहीच बोललो नव्हतो, त्यामुळे मीही चाट पडलो. "दादा, करू या," ती म्हणाली. तिच्या मॅनेजरने तर टाळीच वाजवली. "बाळं! वा! बाळांना नाही म्हणणारा माणूस दाखवा मला!"

इथपर्यंत सगळं झकास होतं. मग मॅनेजर कामाला लागला. इस्पितळासमोरच्या मैदानात स्टेज आलं, मोठा पडदा आला, धूर सोडायचं यंत्र आलं. "इस्पितळासमोर धूर?" मी ओरडलो. "सुगंधी आहे," तो म्हणाला. साहेबांच्या खुर्चीला मखमल आली. सगळं आलं, फक्त अक्कल तेवढी यायची राहिली!

कार्यक्रमाच्या सकाळी त्याने मला सूचनांचा नवा कागद दिला. मी फडाफडा वाचून रेकॉर्ड केला. आमच्या धंद्यात वाचताना ताल बघतात, अर्थ बघत नाहीत. तो माझ्या डोक्यात शिरला कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर, तारा जोडताना.

"अहो," मी मॅनेजरला धरलं, "शेवटी गाडीतळ कंपनीचे आभार कसले?"

"स्टेज त्यांनीच दिलंय."

"जे बाळांना हाकलणार, त्यांचंच स्टेज?"

"मग काय स्टेज झाडाला लागतं? आणि हो, तो जादा माइक काढा. तुमच्या ताईंचं भाषण कापलंय. नर्स बोलली की मूड जातो."

मूड जातो! माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. ताई समोर पायऱ्यांपाशी उभी होती, पांढऱ्या गणवेशात, मनातल्या मनात वाक्य घोळवत. पण पगार त्याच्याच हातात, म्हणून मी ताईचा माइक उपटला. त्याच झटक्यात शेजारच्या दोन तारा निघाल्या, त्या दाणदाण परत खुपसल्या, बटण दाबलं आणि मॅनेजरच्या मागे पडद्याआड गेलो. त्याला आज सोलायचाच होता.

मी नुकताच कुठे त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात बाहेरून एक दणदणीत आवाज आला.

"ये. धुरातून ये. ठेचकाळू नकोस!"

लोक खो-खो हसले.

"कोण हा उर्मट माणूस?" मी विचारलं.

"तुम्ही!" मॅनेजर पांढराफटक पडला होता.

तारांची अदलाबदल झाली होती! गाणं गेलं होतं ठिणगीच्या कानात, आणि माझा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जात होता. ठिणगीला पत्ताच नाही. तिला गाणं नीट ऐकू येतंय, तालीम पक्की झालेली, ती ओठ हलवत सगळं तंतोतंत करत होती.

"बाळाचा फोटो आला. रड. आत्ता नाही! कॅमेरा येऊ दे. हं, रड. पुरे."

हसू थांबलं. पहिल्या रांगेत त्या पेट्यांमधल्या बाळांच्या आया बसल्या होत्या.

"आता राग. मूठ वर. अजून वर. राग कमी पडतोय!"

"कमी पडतोय?" एक आई ताडकन उठली. "थांब, दाखवते!" तिने मूठ वर केली. मग तिच्या मागच्या बाईने, मग रांगेने, मग मैदानाने. मी इतकी वर्षं मुठी वर करायला लावतोय, पण अशा मुठी कधी बघितल्या नव्हत्या.

"आता साहेबांकडे बघून हस. गाडीतळवाल्यांचं नाव आलं. आभार मान. गोड. अजून गोड!"

पडद्यावर नाव आलं. ठिणगी गोड हसली. लोकांनी नाव वाचलं, साहेबांकडे बघितलं, आणि जो काही गलका उठला! साहेबांनी बॅग उचलली आणि ते हळूच उठले.

"जागा सोडू नकोस!" स्पीकर कडाडला. "किती वेळा सांगायचं? बस!"

साहेब धपकन बसले. खरं तर ती सूचना ठिणगीसाठी होती, गुडघे टेकून बसायची.

"तारा बदला! तारा!" मॅनेजर किंचाळला.

मी टेबलाकडे धावलो. दोनच तारा. इकडची तिकडे केली की गाणं सुरू, आभार सुरू, सगळं सुरळीत. हात तारांवर होता. तेवढ्यात ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. ती फक्त वाट बघत होती.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि ठिणगीच्या हातातला माइक चालू केला. त्या बटणावर धूळ होती!

"दादा, गाणं कुठे गेलं?" ठिणगीचा आवाज मैदानभर घुमला. ती स्वतःच दचकली.

ताई पायऱ्या चढली आणि तिच्या हातून माइक घेतला.

"साहेब," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "पेटीतली बाळं कुठे न्यायची, ते सांगा. आणि वाटेत एखाद्याचा श्वास थांबला, तर गाडीत कोणी काय करायचं, तेही सांगा."

साहेबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग आशेने स्पीकरकडे बघितलं. पण त्यांच्या सूचना मी रेकॉर्ड केल्या नव्हत्या.

"वॉर्ड... इथेच राहील," ते पुटपुटले.

"आवाज कमी पडतोय!" पहिल्या रांगेतली आई ओरडली.

"वॉर्ड इथेच राहील! लेखी देतो!"

नंतर पडद्यामागे ठिणगी माझ्यावर अशी काही चिडली! तालाशिवाय, सूचनेशिवाय, चंदेरी बूट आपटत. सांगतो, फार छान चिडली! मग तिने मॅनेजरला धरलं. "स्टेज कोणाचं आहे, हे मला का नाही सांगितलंत?" मला तिथल्या तिथे काढून टाकलं. मॅनेजरला माझ्यानंतर. मान ज्याचा त्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो. नोकरी गेलेली, पण छाती फुगलेली. दारातूनच ओरडलो, "ताई! बघितलीस ना माझ्या आवाजाची ताकद?"

एका पेटीत कुरकुर झाली. मग दुसऱ्या. मग सगळ्या वॉर्डाने सूर लावला. ताई झपाझपा आली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"शब्द पाळलास," ती कुजबुजली. "आता तोंड बंद ठेव आणि घरी जा! केवढ्या मुश्किलीने झोपवली होती!"

दार लागलं. मी काचेला नाक लावून बघत राहिलो. तळहाताएवढी माणसं, पण एकूण एक मुठी वर. राग कुठेही कमी पडत नव्हता.