निवेदिताबाईंची उदासीवर स्वारी आणि नारपोलीच्या खिडकीची फत्ते

कुलदैवतास दंडवत घालून, थकले हृदय आणि खचले मन यांचे जे रण भिवंडी मुक्कामी, नारपोलीत जाहले, त्याची हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहितो. वाचणारांनी हसावे, पण हळू. घरात आजारी माणूस आहे.

ऐसियास, राजश्री प्रभाकरपंत, यंत्रमागाच्या कारखान्यातील निवृत्त कारकून, यांचे हृदय थकले, रक्त पुढे ढकलणे त्यास झेपेना, आणि पायांवर सूज चढली, आणि डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की पंतांस आराम द्यावा, मीठ तोडावे, गोळ्या चुकवू नयेत. मग चिरंजीव अथर्वराव यांनी समोरच्या मागांची खटखट बंद व्हावी म्हणोन खिडकीस दुहेरी काच जडविली, वर कुलूप घातले, आणि चावी खिशात ठेविली. घरात ऐसी शांतता नांदली की पंखाही शरमून फिरे. त्या शांततेत पंत अबोल जाहले, आणि मग भाकरीचे ताट न शिवता परत पाठवू लागले, आणि मग गोळ्या जिभेखाली दडवून खाटेशेजारच्या तुळशीच्या कुंडीत थुंकू लागले. तुळस तरारली, पंत वाळले.

मातोश्री माधवीबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, मी सांगते म्हणून नको, पण त्या मुक्या तुळशीची तरी दया करा!" पंतांनी भिंतीकडे तोंड फिरविले. डॉक्टरसाहेबांनी बजाविले की गोळ्या ऐशाच चुकल्या तर माणूस हाती लागणार नाही.

या घरच्या सूनबाई निवेदिताबाई, महाविद्यालयी मानसशास्त्राच्या अध्यापिका, मोठ्या मसलतीच्या. हृदय थकलेल्यांस उदासी का घेरते, हाच त्यांचा विषय. परंतु उदास माणसास भेटणे हे जुन्या चालीचे काम, म्हणोन त्यांनी उदासीवरल्या शोधनिबंधांची शिरगणती मांडिली, आणि कोणत्या मुलखात किती निबंध उपजले, कोण कोणाचा दाखला देतो, हे संगणकावर रंगीत वर्तुळांनी चितारिले. बड्या पातशाह्यांची वर्तुळे कलिंगडाएवढी, आपले लिंबाएवढे, नारपोलीचा ठिपकाही नाही. निबंध वर्षानुवर्षे चढते, उदासीही चढती. दोहोंची गाठभेट जाहल्याचे मात्र कोठे आढळेना.

मग हा निबंध विद्वानांच्या परिषदेत वाचण्याआधी तालीम करावी म्हणोन बाईंनी दरबार भरविला. अथर्वराव दापोड्यास गोदामाच्या ड्युटीवर. श्रोते एकटे पंत, कारण त्यांस उठून जाता येत नव्हते. आलेख जाहले, वर्तुळे जाहली, आणि शेवटी निष्कर्षाची तोफ डागली: "अलीकडचा कल असा, की रुग्णाला स्वतःला काय वाटतं, हे पुढच्या संशोधनानं विचारायला हवं."

पंतांनी कूस वळविली. "मग विचार की. का मी परिषदेला येऊ?"

बाईंचे शस्त्र गळाले. खाटेवर टेकून हळूच म्हणाल्या, "बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"भीती वाटते गं. सगळा जन्म त्या मागांच्या खटखटीत गेला. ती तुम्ही बंद केलीत, आता माझं हृदयच ऐकू येतं. ते अडखळतं, आणि मी पुढच्या ठोक्याची वाट बघत पडतो. हे वाट बघणं लांबवायला गोळ्या कशाला घेऊ?"

खिडकी उघडावी तर चावी दापोड्यास! मग स्वयंपाकघरातून धावून आलेल्या माधवीबाईंनी खलबत्त्यातील बत्ता उचलिला, आणि बाईंनी कुलूप धरिले, आणि सासूसुनेने मिळोन असा हल्ला केला की कुलूप पडले, एक काचही कामी आली, आणि मागांची खटखट पुराच्या पाण्यासारखी घरात शिरली. समोरच्या कारखान्यातून भरत नामे कारागीर ओरडला, "पंतकाका, हाय का न्हाय?"

"हाय रे! तुझ्या सुतापेक्षा जास्त टिकेन!" ऐसे गर्जताच पंतांस धाप लागली, आणि धाप ओसरताच त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.

एका खिडकीने उदासीचा मुलूख सर होत नाही, हे जाणून बाई पंतांस मनाच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेल्या. पुढे परिषदेत निबंधाचा गौरव जाहला, आणि लिंबाएवढे वर्तुळ किंचित फुगले. त्यात खिडकीचा उल्लेख नाही.

येणेप्रमाणे नारपोलीची खिडकी फत्ते जाहली. आपले बाजूस कामी आले ते एक कुलूप, एक काच आणि अथर्वरावांचा तोरा. तुळस त्या दिवसापासून जरा सुकली आहे, आणि घरात कोणासही त्याचे दुःख नाही, हे दफ्तरी दाखल असो.