वादळाचा पाहुणचार

डोंगरावरच्या बुरांसखालला हवा बिघडली की हिमवादळ बाहेर थांबत नाही, हॉटेलात खोली घेऊन राहतं. त्याला बारा नंबरच लागते, तिथली उशी मऊ आहे म्हणे. ते आत आलं की बर्फही आत, त्याच्या आसपासच पडतो आणि बाहेरचा उतार उन्हात कोरडा ठणठणीत पडून राहतो. मग स्कीइंग बंद. वादळाला कंटाळा आला की ते खोली सोडतं, रात्रभर बाहेर मनसोक्त बर्फ पाडतं आणि सकाळी उतार सुरू होतो.

मिरजेच्या मंदाकिनी ताम्हणकर यांना मॅनेजर बिष्ट यांनी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. मराठी पर्यटकांच्या पंगतीत वावरून बिष्ट मराठी शिकले होते.

"त्याच्याशी बोलू नका, त्याला काही वाढू नका," ते म्हणाले. "पेपर वाचत बसा. कंटाळून उद्या जाईल."

मंदाकिनीबाई निवृत्त व्यायामशिक्षिका. नियम पाळण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. शिवाय गरजही त्यांचीच होती. साठी उलटली होती, आणि जन्मात एकदा तरी बर्फावरून घसरायचं म्हणून त्या वर्षभर गच्चीवर पायांना दोन फळ्या बांधून गुडघे वाकवत होत्या. अख्खी बिल्डिंग हसली होती. आता मिरजेला परत जाऊन काय सांगणार, की ऊन पडलं होतं?

दुपारी वादळ जेवणघरात आलं आणि खिडकीपाशी एकटंच बसलं. त्याच्या टेबलावर बर्फ भुरभुरत होता आणि पुढ्यात ताट नव्हतं. मंदाकिनीबाईंनी पेपर उघडला. तो जुना होता आणि त्यातलं शब्दकोडंही कुणीतरी सोडवून टाकलं होतं.

"अगं, ते आपल्याकडे बघतंय," त्यांचे यजमान अनंतराव कुजबुजले.

"बघू दे."

"आपण भडंग खातोय आणि ते नुसतं बघतंय. बरं दिसतं का?"

बरं दिसत नव्हतं, हे खरंच. बाईंनी मूठभर भडंग बशीत घालून पुढे सरकवलं, आणि तिथेच सगळं फसलं.

"छान आहे," वादळ म्हणालं. त्याला सगळ्या भाषा येतात, कारण त्याच्या नावाने सगळे आपापल्या भाषेत कुरकुरतात.

"मग अजून घ्या की," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

वादळाने अजून घेतलं. रात्री त्याने मेतकूट-भात खाल्ला, वर तूपही नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नाश्त्यालाच हजर झालं. मेंढीकोटाला अनंतरावांचा भिडू झालं, आणि हरल्यावर भिडूला बोल न लावणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं म्हणून अनंतराव गहिवरले. गाण्याच्या भेंड्यांत त्याचा दम कधी संपायचाच नाही. सगळं हॉटेल कानटोप्या घालून जेवणघरात जमलं. जळगावचे एक आजोबा टेबलाखालून लपूनछपून बर्फाचे गोळे मारायचे आणि साळसूदपणे छताकडे बघत बसायचे. कोरड्या उताराकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. एकट्या मंदाकिनीबाई हसताहसता मधूनच खिडकीकडे बघत होत्या.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बिष्टांनी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, तुम्ही आग्रह करता. आग्रह केल्यावर कोण जाईल? आज त्याला स्वच्छ सांगा, जा म्हणून. तरच उद्या निघण्याआधी तुमची एक फेरी होईल."

बाईंनी जिना चढून बारा नंबरचं दार ठोठावलं. वादळ पलंगावर बसून पत्ते पिसत होतं.

"या ताई," ते म्हणालं. "आज भेंड्यांना आपण एका बाजूला होऊया का?"

बाईंनी पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. पाहुण्याला जा असं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नव्हतं.

"जेवलात का, एवढंच विचारायला आले होते," त्या म्हणाल्या आणि बाहेर येऊन तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. त्यांना रडू आलं.

मागोमाग वादळ आलं आणि एक पायरी सोडून बसलं.

"काय झालं?"

"काही नाही. एकदा घसरायचं होतं हो मला. एकदाच."

"मग मी जाऊ का?"

"छे, छे, मी तसं कुठे म्हटलं?"

वादळ विचारात पडलं. मग त्याने खाली पाहिलं. जिना रुंद होता, लाकडी होता आणि ऐटीत वळत थेट जेवणघरापर्यंत उतरत होता.

"इथे चालेल?"

बाईंनी डोळे पुसले. "थोडासाच पाडा. पायऱ्या झाकल्या की पुरे."

"थोडासा कसा?" वादळ म्हणालं. "अजून घ्या की."

कठड्यापर्यंत बर्फ साचला आणि बाई खोलीत नुसत्याच पडून असलेल्या भाड्याच्या स्की चढवून आल्या, तेव्हा बिष्ट धावत आले.

"ताई, जिन्यावर बूट घालायला मनाई आहे."

"हे बूट नाहीत, या स्की आहेत."

बिष्टांनी नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला. स्कीचा उल्लेख नव्हता. ते बाजूला झाले.

मंदाकिनीबाईंनी गुडघे वाकवले, गच्चीवर वाकवायच्या तसेच, आणि स्वतःला सोडून दिलं. दुसऱ्या मजल्यावर अनंतरावांची टोपी उडाली. पहिल्यावर आजोबांनी टाळ्या वाजवल्या. जेवणघरात त्या आपल्याच टेबलापाशी अलगद थांबल्या, आणि इतका आनंद झाला की त्यांना काही सुचेना. "परत," एवढंच त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं हॉटेल घसरून घेत होतं, बिष्टसुद्धा.

निघताना अनंतराव वादळाला म्हणाले, "कधी मिरजेला आलात तर घरी या, राव." आपण सगळेच म्हणतो तसं, पत्ता न देता.

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी ताम्हणकरांची बेल वाजली. बाईंनी दार उघडलं तर गार झुळूक आत आली, आणि तिच्यामागे जिना पांढराशुभ्र. खालच्या मजल्यावरचे मगदूम कठड्याला धरून वर बघत होते. गच्चीवरच्या फळ्यांना सगळ्यांत जास्त तेच हसले होते.

"वहिनी, हे तुमच्याकडचं का?"

"आमच्याकडचंच," बाई म्हणाल्या. वादळापुढे भडंग ठेवायला त्यांनी अनंतरावांना सांगितलं आणि त्या गच्चीवरून फळ्या आणायला गेल्या.

मगदूम जरा घुटमळले.

"एक जोड जास्तीची असेल का हो?" त्यांनी विचारलं.