मैंदर्गीचा रेडिओ

संध्याकाळी बेल वाजली आणि दार उघडल्यावर समोर कानाला रेडिओ लावलेला माणूस दिसला, तर आमच्या इमारतीत कुणी घाबरत नाही. ते तळमजल्यावरचे बिराजदार काका. नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता ते सरळ आत येतात, फ्रिजपाशी थांबतात, टीव्हीपाशी थांबतात, मग मान वर करून हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि बोट दाखवतात. "ह्यो बल्ब लई वरडतोय, ताई. जरा बंद करता का?"

बल्ब ओरडतो हे मला सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहायला आल्यावर कळलं. आपल्याला काही ऐकू येत नाही. पण मीडियम वेव्हच्या जुन्या रेडिओत स्वस्तातला एलईडी, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर अशा सगळ्यांची खरखर घुसते. रेडिओ दुरुस्त झाला की नाही हे नीट कळायचं, तर आधी अख्खी इमारत गप्प झाली पाहिजे, असं काकांचं म्हणणं. त्यापायी कुणाच्या घरात काय लावलंय हे त्यांना पाठ झालंय. वरच्या मजल्यावरच्या सुनेनं नवा चार्जर आणला, तर तिच्या सासूच्या आधी काकांना कळतं.

पहिल्यांदा माझा भयंकर संताप झाला होता. दिवसभर वर्गात घसा फोडून यायचं आणि घरी आल्यावर अंधारात बसायचं, तेही दुसऱ्याच्या रेडिओसाठी. मी म्हटलं, "काका, मोबाईलवर सगळी स्टेशनं लागतात. लावून देऊ का?"

कडक भाकरीऐवजी बिस्किट खा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लावून द्याल की. पन मोबाईलमधी दुरुस्त काय करनार?"

काका रेडिओ मेकॅनिक बिकॅनिक नाहीत. उभा जन्म एका कचेरीत कारकुनी केली. दुरुस्ती शिकले ती बिघडवून बिघडवून. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची गन, चिमटे, तारांची भेंडोळी असा पसारा असतो, आणि काकू बिचाऱ्या स्वयंपाकघरात खाली बसून जेवतात. दुरुस्तीचं काकांचं शास्त्र एका वाक्याचं आहे. "आदी ऐकायचं, मग उगडायचं." रेडिओ खोलला की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ते आवाजाच्या बटणामागच्या जोडाला टेकवतात. स्पीकर खर्र करून बोलला की चेहरा खुलतो. "घसा चांगला हाय. कान बिगडलाय." मग कान, म्हणजे स्टेशन पकडणारा भाग, तपासायला भिंग घेऊन बसतात. एकदा त्यांनी एक कंडेन्सर मेला म्हणून जाहीर केलं, तो बदलला, तरी रेडिओ मुका. शेवटी काकूंनी येऊन सेल उलटे बसवलेत हे दाखवलं. तेव्हापासून दुरुस्ती चालू असताना काकूंनी टेबलाजवळ यायचं नाही, असा नियम आहे.

आणि हा सगळा खटाटोप एकाच रेडिओसाठी. तळहातावर मावेल एवढा, शर्टाच्या खिशात ठेवायचा ट्रान्झिस्टर, भोकाभोकांच्या चामडी पाकिटातला. तोही काकांचा नव्हे, त्यांच्या थोरल्या भावाचा. अण्णा गावी, मैंदर्गीला असतात. त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेला हा रेडिओ. तेव्हा दोघं भाऊ एका उशीवर डोकी टेकून, रेडिओ मध्ये ठेवून कानडी गाणी ऐकत झोपायचे.

मग तो सारखा सोलापुरात काय करतो? ते मला काकूंनी सांगितलं. काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सोलापुरात छापली. छापखान्यानं अण्णांचं नाव मुलीच्या मामांच्या खाली टाकलं. घरातला थोरला माणूस, आणि मामांच्या खाली! काकांनी प्रूफ तपासलं होतं, पण जावयाची डिग्री नीट आलीय का, एवढंच बघून. अण्णा लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता मैंदर्गीला निघून गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काका म्हणतात, चूक छापखान्याची, मी का जाऊ? अण्णा म्हणतात, मी थोरला, मी का बोलू?

पुढं वर्षभरानं मैंदर्गी-सोलापूर वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप चालवणारा सलीम दारात आला, हातात पंच्यात गुंडाळलेला रेडिओ. "अण्णा बोले, बंद पड गया बोलके. बस, इत्ताच बोले."

तेव्हा खरंच बिघडला होता. सेल पाझरून आतली स्प्रिंग गंजली होती. काकांनी ती घासली, सोल्डरिंगचा डाग दिला, नवे सेल घातले आणि सलीमच्याच हाती परत पाठवला. निरोप नाही, चिठ्ठी नाही. दोन-तीन महिन्यांनी रेडिओ पुन्हा हजर. मग पुन्हा. काम दहा मिनिटांचं असलं तरी काका तो आठवडाभर ठेवून घ्यायचे आणि रोज आमचे दिवे घालवायला यायचे. "अडानी मानूस हाय," असं अण्णांबद्दल बोलायचे, पण त्या आठवड्यात त्यांची चालही वेगळी असायची.

एकदा मी टेबलाशी उभी होते. काकांनी मागचं झाकण उघडलं. सेलकडून येणारी लाल तार तुटलेली होती.

"काका, ही तुटलेली नाही. कापलीय."

"उंदीर आसंल."

"उंदीर इतकं सरळ कापतो?"

"मैंदर्गीचा हाय, ताई," काका भिंगातून मान वर न करता म्हणाले. "शिकलेला हाय."

काकू दारातून हळूच मला म्हणाल्या, "दोगांनाबी बोलायचंय. सुरवात कुनी करायची, तितंच आडलंय. ह्यो रेडिओ येतोय तवर बरं म्हनायचं." काकूंच्या त्या बोलण्यानं मला एकदम भीती वाटली. एक दिवस तो यायचा थांबला तर?

तो थांबला नाही. परवा, शाळेला सुट्टी होती, सलीम येऊन रेडिओ देऊन गेला. थोड्या वेळानं काका माझ्या दारात. रेडिओ कानाला नव्हता, हातात होता.

"ताई, ह्यात बिगाड न्हाय."

"मग बरंच की."

"बरं कसं?" ते चिडलेच. "चालू हाय ह्यो. खणखणीत चालू हाय. मग धाडला कशाला?"

मी खाली गेले. रेडिओ बातम्या देत होता, स्वच्छ. काकांनी तो पाकिटातून काढला, मागचं झाकण माझ्यापुढं धरलं. झाकणाच्या स्क्रूभोवती ओरखडेच ओरखडे होते, काही ताजे, पांढरे. स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घसरलेला. स्क्रू मात्र जागचा हलला नव्हता.

काका ते ओरखडे बोटानं चाचपत राहिले.

"हात थरथरायला लागला वाटतं त्याचा," काका म्हणाले. "उगडायचं जमंना झालं, मग तसाच दिला धाडून." इमारतभर दुसऱ्यांच्या बल्बांवर तोंड टाकणारा हा माणूस आता आपल्याच टेबलाशी मान खाली घालून उभा होता. मला त्यांची फार माया आली.

"काका, स्कूटी काढते. वडाप जिथून सुटतात तिथं सोडते तुम्हाला. आत्ता निघालात तर जेवायला तिथं पोचाल."

"जाऊ कसं? काय म्हनून जाऊ?"

"भेटायला म्हणून."

"इल्ला, ताई," काका कानडीतच नाही म्हणाले. "आसं न्हाय जाता येत."

ते बसले. ओरखडे पडलेला स्क्रू हळूहळू फिरवून त्यांनी काढला. झाकण उघडलं. आतल्या लाल तारेवरचा आपला जुना डाग एकदा अंगठ्यानं पुसला, कटर घेतला आणि तार कट्कन कापली. बातम्या मधेच थांबल्या.

झाकण लावून त्यांनी रेडिओ खिशात घातला. सोल्डरिंगची गन, चिमटा आणि डाग द्यायची तार पिशवीत भरली. काकूंनी न सांगता पिशवीत त्यांचा धुतलेला सदराही टाकला.

"चला, ताई," काका चपला घालत म्हणाले. "अण्णाचा रेडिओ बंद पडलाय. तितंच बसून बगावा लागंल."