सोनाराच्या काट्यावर धान

साकोलीच्या बाजारातल्या एका सोनाराच्या दुकानात पावसाळाभर दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता धानाची रोपं तोलली जातात. साधीसुधी रोपं. मुळं धुतलेली, तीन दिवस वाळवून कडक केलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. शेजारच्या खुर्चीवर एखादी आई लेकीसाठी कानातले बघत बसलेली असते आणि इकडे पांढरा सदरा घातलेले, पँट घोट्यावर दुमडलेले एक गृहस्थ पिशवीतून पुडा काढून काचेवर ठेवतात.

"घ्या शेठ. प्लॉट अ."

"चार ग्रॅम सहाशे वीस मिली."

"आता प्लॉट ब."

"सहा ग्रॅम शंभर."

"म्हणजे ब पुढे आहे," असं म्हणून ते वहीत नोंद करतात. चेहऱ्यावरून आनंद झाला की काळजी वाटली ते कळत नाही. एकदा कानातले बघणाऱ्या बाईंनी सोनाराला हळूच विचारलं, "ही कायची जडीबुटी आहे जी?"

"नाही बाई, साधा धान आहे. माणूसच जरा..." इतकं बोलून सोनार थांबला. या माणसाने आपल्याला दोन वर्षं गणित शिकवलं होतं, हे त्याला वेळेवर आठवलं.

हे रतिराम दोनाडकर सर. साकोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेले. लाखांदूरच्या रस्त्यावर जिथे एसटी अर्धी रिकामी होते, ते त्यांचं गाव. मी तिथे कृषी सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा सरपंचांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मॅडम, सगळ्याइकडे जा, पन एस सराकडे चहाच्या वक्ताले जाऊ नोका. चहा येते, पन तुम्ही वापस येत नाही."

'एस सर' हे गावाने ठेवलेलं नाव. सरांना वाटतं, लोक आदराने 'येस सर' म्हणतात.

मी अर्थातच चहाच्या वेळीच गेले. सरांनी माझ्यासमोर आलेखाचा एक मोठा कागद पसरला. त्यावर तांबड्या आणि निळ्या शाईच्या दोन रेघा होत्या.

"पऱ्हे रोवले, का पहिले दहा-बारा दिवस धान नुसता उभा राह्यते, मॅडम. मुळं रुजवून राहिला असते. मंग असा सुटते, असा सुटते, का विचारू नोका. मंग त्याले दम लागते. अन् शेवटी सपाट. काय झालं? इंग्रजीतला एस झाला!"

"बरोबर," मी म्हणाले. हे मीही शिकले होते, पण इतक्या आनंदात कोणी शिकवलं नव्हतं.

"आता लोकं काय करतेत? चाळिसाव्या दिवशी धुऱ्यावर उभे राह्यतेत अन् म्हणतेत, याचा धान चांगला, त्याचा खराब. एका दिवसाच्या पाहण्यानं कोणताच धान समजत नाही. पूर्ण रेघ पाहा लागते."

कोणत्याही दोन वाणांची तुलना करायची तर सरांना तीन गोष्टी लागतात. रेघ शेवटी किती वर जाणार, किती वेगाने जाणार आणि वाढीचा सगळ्यात जास्त जोर कोणत्या दिवशी असणार. या तिसऱ्या गोष्टीला ते 'वळण' म्हणतात. वळण ओलांडलं की वाढ हळूहळू मंदावते आणि धान पोटात लोंब धरायच्या तयारीला लागतो. या तिन्ही गोष्टी मिळाल्या की सर धानाची कुंडली मांडून मोकळे.

अडचण एवढीच, की सर धानापाशी थांबत नाहीत. सरपंचांच्या भाषणाचं वळण पाचव्या मिनिटाला येतं आणि पुढे सगळं सपाट, असं ते सरपंचांसमोरच सांगतात. लग्नाच्या पंगतीत कोणी "भात वाढू का?" म्हणून विचारलं तर "कोणत्या वेगानं?" असा प्रतिप्रश्न करतात, आणि भाताची परात पुढच्या माणसाकडे निघून जाते. मला त्यांनी वय विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "तुमचं वळण अजून यायचं आहे. घाबरू नोका." त्या दिवशी मी घरी जाऊन आरशात बघितलं.

घरात हे सगळं सहन करतात त्या शकुंतलाकाकू. रोपं वाळवायची म्हणजे पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं? मग चुलीच्या वर, फ्रिजच्या मागे, इस्त्रीच्या कपड्यांखाली, जिथे ऊब मिळेल तिथे धान. "लोकाइच्या घरी पापड वारतेत," काकू मला म्हणाल्या, "अना आमच्या घरी गवत. पाहुने आले का मीच लपवून ठेवतो. त्याइले वाटते, आमी बैल पोसलो का घरात!"

सरांच्या प्रयोगात दोनच प्लॉट. प्लॉट अ त्यांची स्वतःची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. त्यात भारी धान, म्हणजे उशिरा येणारा. प्लॉट ब धुऱ्यापलीकडची, म्हणजे मधल्या बांधापलीकडची बांधी, त्यात हलका, लवकर येणारा धान. हलका आधी जोरात पुढे जातो, भारी मागून येऊन त्याला गाठतो. दर सोमवारी सर दोन्हीकडचे तीन-तीन झुबके उपटून आणत. प्लॉट ब कोणाचा, असं विचारलं की सर म्हणत, "आहे एक शेतकरी."

पुढच्या वर्षी माझ्या यादीतच मला तो शेतकरी सापडला. आसाराम दोनाडकर. आडनाव पाहून मी काकूंना विचारलं.

"अवो, तो तं आमचा भासरा आहे!" काकू म्हणाल्या. "सराचा सख्खा मोठा भाऊ. सहा वर्षं झाले, बोलत नाहीत दोघं."

काकूंनी मग सगळं सांगितलं. आसारामभाऊंनी सातवीतून शाळा सोडली, नांगर धरला आणि धाकट्याला भंडाऱ्याला ठेवून शिकवलं. सहा वर्षांपूर्वी अतिवृष्टीत दोघांच्या मधला धुरा वाहून गेला. आसारामभाऊंनी तो पुन्हा बांधला. सर टेप घेऊन गेले आणि चार लोकांसमोर म्हणाले, की धुरा सव्वा हात इकडे सरकला आहे. मोजमाप बरोबर होतं. सरांचं मोजमाप कधी चुकत नाही. आसारामभाऊ एवढंच म्हणाले, "मी तुले शिकवलो, अना तू मले टेप दाखवून राहिला?" तिथून पुढे अबोला.

"मग त्यांच्या बांधीतली रोपं कशी उपटतात?"

"अर्ज केला ना!" काकू हसून हसून लोटपोट झाल्या. "पोस्टानं धाडला. घर इथून चार घरं सोडून. विषय काय, तं प्रयोगासाठी दर सोमवारी धानाचे तीन झुबके उपटण्यास परवानगी मिळणेबाबत!"

उत्तर पोस्टाने आलं नाही. आसारामभाऊंच्या बायकोने विहिरीवर काकूंना निरोप दिला, "हे म्हणतेत, उपटू दे. पन धुऱ्याकाठचे घेऊ नोको म्हणा. ते उगाच मोठे होतेत. मधातले घे म्हणा." हा निरोप ऐकून सर खुर्चीतून उठले होते म्हणे. "बरोबर सांगितलं! काठाचा नमुना घ्यायचाच नसते. कोणं शिकवलं त्याले?" कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचा जन्म बांधीत गेला होता.

माझ्या तिसऱ्या वर्षी मात्र पावसाने मोठी खोडी केली. रोवणी झाली, धान हिरवागार झाला आणि ऐन पोटात लोंब धरायच्या वेळी पाऊस गेला तो गेलाच. गावचा जुन्या जमीनदारांच्या वेळचा मालगुजारी तलाव अर्धाही भरला नव्हता. समाजमंदिरात सभा बसली. आजवरची पद्धत अशी, की तलावाजवळच्या बांध्यांना आधी पाणी, मग उरलं तर खालच्यांना. या वेळी उरणार नव्हतं. खालचे शेतकरी ओरडायला लागले, वरचे त्यांच्याहून मोठ्याने. मी सरकारी माणूस म्हणून मध्ये उभी होते आणि माझं कोणीच ऐकत नव्हतं.

तेवढ्यात सर कागदाची गुंडाळी घेऊन उठले. "झालं," मागून कोणीतरी म्हणालं, "आला एस."

सरांनी कागद भिंतीवर धरला. एक टोक मी धरलं. "ह्या माझ्या सात वर्षांच्या रेघा. हलका धान वळण ओलांडून बसला आहे. लोंब पोटात आहे. त्याले या आठवड्यात पाणी भेटलं नाही तं सगळा पोचट. भारी धान अजून चढून राहिला. तो दहा दिवस दम धरू शकते. कष्टानं, पण धरू शकते. वरचा-खालचा पाहू नोका. आधी हलक्याले द्या. तोवर पाऊस आला तं भारीही वाचला."

सभा जरा शांत झाली. मग तलावाजवळचा एक शेतकरी म्हणाला, "सर, तुमचा कोनता धान?"

"भारी. माझी पाळी मागून."

"अना तुमच्या पल्याडचा, आसारामचा?"

"हलका. त्याले पहिल्या दिवशी."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आसारामभाऊ खांबाला टेकून बसले होते. त्यांनी नजर जमिनीवरून वर घेतली नाही.

"पन सर, तुमी तं त्याच्यासंगं बोलत नाही."

"मी नाही बोलत," सर म्हणाले. "रेघ बोलते."

लोक हसले, आणि हसले म्हणून भांडण तुटलं. हात वर झाले. हलक्याला आधी पाणी, हे ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधीवर गेले. आमच्या भागात पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातं. आसारामभाऊंच्या धानाला पाणी द्यायचं तर ते सरांच्या बांधीतून जाणार आणि त्यासाठी मधला धुरा फोडावा लागणार. तोच तो धुरा. सर फावडं घेऊन उभे होते. पलीकडे आसारामभाऊ. पाणी सरांच्या तहानलेल्या धानातून सरकत आलं आणि धुऱ्याला लागलं. थोडं अडवून धरलं असतं तर कोणाला कळलं नसतं. सरांनी फावडं मारलं. दोन घाव, तीन घाव, आणि पाणी पलीकडे उतरलं. सरांना फावडं धड धरता येत नव्हतं. पलीकडून बघणाऱ्या आसारामभाऊंना राहवलं नाही.

"खालून मार. वरून माती कायले उडवतं?"

सर थांबले. खालून मारू लागले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "किती होऊ देऊ?"

"घोट्याएवढं होऊ दे. मंग बुजव."

सात वर्षांनी झालेलं संभाषण हे एवढंच. शकुंतलाकाकूंना मी ते शब्दन्‌शब्द सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

पाऊस चौदाव्या दिवशी आला. सरांनी दहाच दिवसांचा हिशोब दिला होता. त्यांच्या बांधीतला वरच्या अंगाचा धान पोचट निघाला. आसारामभाऊंचा मात्र सगळा भरला. सरांनी दोन्ही रेघा पूर्ण केल्या. त्यांच्या स्वतःच्या धानाची तांबडी रेघ त्या वर्षी निळीच्या वर गेलीच नाही, आणि हे ते अगदी रंगवून सर्वांना सांगत होते, जणू दुसऱ्या कोणाचं शेत.

उन्हाळ्यात मी त्यांना म्हणाले, "सर, उत्तर तर तुम्हाला प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीच मिळालं होतं. तेच दोन वाण किती वर्षं तोलणार? मी दुसरं बियाणं देते. नवी तुलना करा."

सर पेन्सिलीला टोक करायला लागले. पेन्सिल आधीच चांगली टोकदार होती.

"आता तर तुम्ही बोलताही," मी म्हणाले.

"बोलतो म्हणजे काय, मॅडम? 'पाणी आलं का?' 'आलं.' तेवढंच." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पावसाळ्यात पंधरा-सोळा सोमवार येतेत. तेवढे दिवस दादाच्या बांधीत मधापर्यंत जाता येते. तो धुऱ्यावर बसून राह्यते. मी उपटतो. प्रयोग बंद केला तं मी तिकडे कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी चहा संपवला आणि चार घरं सोडून आसारामभाऊंकडे गेले. सुधारित बियाण्याचा अर्ज भरून घ्यायचा होता. त्यांचा तो हलका धान आता गावात दुसरं कोणी लावत नव्हतं. त्याहून दीडपट पिकणारे वाण आले होते.

"भाऊ, या वर्षी तरी बियाणं बदलवा. चांगलं आहे."

"चांगलं असन, बाई. पन नाही."

"काहून?" मीही आता तिकडची झाले होते.

आसारामभाऊंनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"मी धान बदलवलो, तं त्याची ती रेघ तुटन ना. तो दर सोमवारी येते. कायले येईन मंग?" आणि लगेच म्हणाले, "त्याले सांगजा नोको."

अर्जात एक रकाना असतो, बियाणे नाकारण्याचे कारण. मी पेन काढलं आणि लिहिलं, 'शेतकऱ्यास जुने वाण पसंत आहे.' आसारामभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.