हिरोच्या मागे उभा असलेला माणूस

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. देवरीकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांगणाराही घरी कोणी नाही. तरी मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी मला विषय दिला, 'घरी सीडीवर पाहिलेले जुने गाजलेले चित्रपट'. वर्गात सगळ्यात जास्त सिनेमे मी पाहिले आहेत, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

ते खोटं नाही. पण अडचण अशी की त्यातल्या एकाही सिनेमाची गोष्ट मला धड सांगता येणार नाही. कोर्टाच्या सीनमध्ये मागच्या बाकावर कोण बसलं होतं ते सांगू शकतो. फलाटावर हिरोइन रडत असताना तिच्या मागून ट्रंक घेऊन कोण गेलं तेही सांगू शकतो. ती का रडत होती, ते मात्र विचारू नका. हे सगळे सिनेमे मी हिवराजकाकांच्या घरी पाहिले, आणि त्यांच्या घरी सिनेमा असाच पाहतात.

हिवराजकाका म्हणजे माझे घरमालक. गोंदियात शिकायला आलो तेव्हा कुडव्याला त्यांच्याकडे मागची खोली घेतली. काका राईस मिलमध्ये कामाला होते. अंगाने सडसडीत, डोक्यावर कायम टोपी, आणि गळ्यात दोरीने बांधलेला सीडी प्लेअरचा रिमोट. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी औषधाचं यंत्र असेल. मी आपला सहानुभूतीने बघत राहिलो.

"काय पाहून राहिला?" काका म्हणाले. "रविवारी दुपारी येजो. पिक्चर लावतो."

रविवारी गेलो. एक जुना दरोडेखोरांचा सिनेमा होता. हिरो घोड्यावरून गावात आला, चौकात लोक जमले, आणि हिरो तोंड उघडणार एवढ्यात काकांनी चित्र थांबवलं. उठून पडद्याजवळ गेले आणि डाव्या कोपऱ्यात, एका बैलगाडीच्या चाकाशी, बोट ठेवलं.

"हा कोण होय?"

तिथे एक माणूस होता एवढं खरं. चेहरा म्हणाल तर चारदोन चौकोन. त्या सीड्यांमध्ये लांबचा माणूस असाच दिसतो.

"कोण होय?" मी विचारलं.

"टेकू," काका म्हणाले. "माहा भाऊ."

आतून काकूंचा आवाज आला, "आल्या आल्या सुरू केलं का पोराले? च्या तं घेऊ द्या."

टेकूची हकिगत मला त्याच दुपारी कळली, कारण ती काका कोणालाही सांगत. टेकचंद त्यांचा धाकटा भाऊ. तेव्हा गावाकडे कालव्यावर त्यांची धानाची शेती होती. टेकूचं शेतीत लक्ष नव्हतं. दिवाळीत गावात दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, बसली की त्याला भूमिका हवी, आणि एरवी गोंदियाच्या टॉकीजमध्ये जायला सायकल हवी. एका साली ऐन रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत तो तीन दिवस गायब राहिला. परत आला तेव्हा काका चिखलात उभे होते. सगळ्या बायांसमोर म्हणाले, "नाचाचंच असन तं मुंबईले जाय."

"अन् गेला ना थो," काका मला म्हणाले. "जलमभर माही एक गोष्ट आयकली नाई त्यानं. हे एकच आयकली."

पुढे गावचा एक जण टॉकीजमध्ये सिनेमा पाहून आला आणि सांगू लागला की हिरोच्या मागे टेकू उभा होता. काका दुसऱ्या दिवशी धावत गेले, तर सिनेमा उतरून बालाघाटला गेला होता. बालाघाटला गेले, तिथे दिसला, पण डोळे पुसेपर्यंत निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. आई वारली तेव्हा कळवायला पत्ता नाही. मग कितीतरी वर्षांनी सीडी आली, आणि काकांना कळलं की आता माणसाला थांबवता येतं. त्यांनी आधी प्लेअर घेतला आणि मग त्याला जोडायला टीव्ही.

मार्केटमधल्या सीडीच्या दुकानात सगळे त्यांना ओळखत. लोक विचारत, मारामारी आहे का, गाणी कशी आहेत. काका विचारत, "पब्लिक कितनी है?" दुकानाचा मालक रिंकू नोकराला ओरडून सांगे, "काकाजी को भीडवाली दे रे, शादीवाली, दंगेवाली." डोंगरावरच्या गाण्यांचा काकांना भारी राग. "एवढा मोठा पाहाड, अन् दोघंच दोघं. बाकीच्यायले का सुट्टी दिली होती?" एकदा मी सरांकडून जगात नावाजलेला एक परदेशी सिनेमा आणला. एक घर, नवरा आणि बायको. काकांनी मन लावून शेवटपर्यंत पाहिला. मी मत विचारलं तर म्हणाले, "गरीब कंपनी दिसते. माणसं ठेवाले पैसे नसन."

समोरचे गुरुजी मुद्दाम विचारत, "हिवराज, कालच्या पिक्चरात हिरोइननं कोणती साडी नेसली होती गा?"

"होती का हिरोइन?" काका खरंच विचारात पडत.

चांगला सिनेमा आणि वाईट सिनेमा हे त्यांचं वेगळंच होतं. टेकूच्या पायात जोडे असले की चांगला. लग्नाच्या पंगतीत टेकू बसला, त्याने घास उचलला, आणि तेवढ्यात कॅमेरा हिरोकडे गेला, तो सिनेमा फार वाईट. लोक तो सिनेमा अजूनही नावाजतात. काकांनी तो भाग पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिला, जणू एखाद्या वेळी घास तोंडात जाईल. मग सीडी काढली. त्या दिवशी काकूंनी ताट वाढलं तेव्हा "ठेव, मंग जेवतो," म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तुम्ही विचाराल, चौकोनांच्या चेहऱ्यावरून भाऊ ओळखायचा कसा? मीही विचारलं होतं.

"चेहरा कोण पाह्यते? चाल पाह्य," काका म्हणाले. "सडकेवरचा माणूस फाकून चालते. टेकू कसा, धुऱ्यावर चालल्यावाणी चालते. पायासमोर पाय."

धुरा म्हणजे दोन धानशेतांमधला मातीचा अरुंद बांध. लहानपणापासून त्यावरून चाललेल्या माणसाचे पाय एका रेषेत पडतात, नाहीतर तो चिखलात पडतो. हे ऐकल्यावर मी माझ्या चालीकडे पाहिलं. गोंदियाच्या रुंद रस्त्यावरही मी तसाच चालतो. वर्गातली मुलं मला हसत त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. पण त्यापुढे विचार करायला हवा होता, तो ना मी केला, ना काकांनी.

माझं काम साल वाचायचं. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं. काका ते थांबवत आणि मी इंग्रजी वाचून साल सांगे. मग टेकू दिसला की काका हिशेब करत. "म्हंजे तवा थो तिसाचा झाला होता." आत काकूंना हाक मारत, "अवो, तुहा दीर तिसाचा झाला." काकू म्हणत, "मंग लगन करून द्या त्याचं." दोघं हसत. पण मी पाहिलं आहे, नव्या सिनेमाचं साल मी जुन्याच्या पुढचं सांगितलं की काकांचे ताठलेले खांदे सैल होत. आणखी एक वर्ष टेकू जिवंत निघालेला असे.

भुताचा एक सिनेमा आम्ही पाहिला तो मी विसरणार नाही. स्वस्तातला, रंग उडालेला, पण पोरांमध्ये त्याची फार चर्चा. हवेलीच्या तळघरात मुडदे ठेवलेले, आणि हिरोइन कंदील घेऊन त्यांच्यातून चाललेली. शेजारची पोरं तोंडावर हात घेऊन बसली होती. काका टीव्हीजवळ सरकले.

"टेकू हाय. मुडदा."

"असं बोलू नोका," काकू एकदम म्हणाल्या.

"मंग काय बोलू, मुडदाच होय ना." चित्रातला माणूस हातगाडीवरून उतरून, चार पावलं चालून, आपल्या जागेवर निजला होता. ती चूक दिग्दर्शकाने तशीच ठेवली होती. काकांनी चालीवरूनच त्याला ओळखलं होतं. आता त्यांनी त्याच्या पोटावर बोट ठेवलं आणि चित्र हळूहळू पुढे नेऊ लागले. "पाह्य. पोट हालून राहिलं."

खरंच हलत होतं. थोडंसंच. मेलेल्या माणसाने हलू नये म्हणून तो श्वास धरत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

"श्वास घेऊन राहिला थो," काका म्हणाले. "साल कोणतं होतं गा?"

मी सांगितलं. ते आतापर्यंतचं सगळ्यात पुढचं साल होतं. काका नंतर कितीतरी वेळ टोपी काढून हातात धरून बसले. पोरं कंटाळून निघून गेली. भुताच्या सिनेमात कोणाला इतकं समाधान झालेलं मी पाहिलं नाही.

मी बी.ए. झालो, एम.ए.ला आलो, खोली तीच राहिली. काका निवृत्त झाले, आता आठवड्याचे सगळेच दिवस त्यांचे रविवार. फक्त लोडशेडिंग आडवं येई. गर्दीचा सीन आला की लाइट जाई, असं काकांचं ठाम मत होतं.

या उन्हाळ्यात कुडव्याला शेजारी एक लग्न होतं. मांडवात आमगावकडचा एक पाहुणा आला होता, सुखदेव नावाचा. उभा जन्म त्याने मुंबईत सिनेमाच्या सेटवर सुतारकाम केलं होतं, खोट्या भिंती आणि खोटी दारं. काकांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी त्याला पंगतीतून उठला तसाच घरी आणला. मलाही हाक मारली.

सुखदेवला पाट दिला. काकूंनी पाणी दिलं. काकांनी विचारलं, "गोंदियाकडचा टेकचंद नावाचा कोणी मालूम हाय का? एक्स्ट्रात काम करे."

सुखदेव पाणी पिता पिता थांबला. "दंडारवाला टेकू?"

"हो."

"आमच्याच खोलीत राह्यत होता," सुखदेव म्हणाला. मग काकांकडे नीट पाहून त्याने गडवा खाली ठेवला. "तुमी त्याचे कोण?"

"भाऊ होय."

सुखदेवने तोंड पुसलं. मग म्हणाला, "थो तं गेला ना, भाऊ. लवकरच गेला. कावीळ झाली होती. मसणात आमीच नेला त्याले. पत्ता कोणाले मालूम नोहता. गोंदिया म्हणे, बस."

"कवा?" काकांनी विचारलं.

"माह्या लगनाच्या आदल्या साली." आणि त्याने साल सांगितलं.

हिशेब करायला काकांना माझी गरज नव्हती, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. टेकू दिसलेल्या सिनेमांतले सालाने पहिले दोन त्याच्या आधीचे होते. बाकीचे सगळे नंतरचे.

काकू दाराशी उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या.

"जेवाले भेटे का त्याले?" काकांनी विचारलं.

"शूटिंग असली का भेटे. पुरीभाजी. चांगली राहे." सुखदेव घाईघाईने म्हणाला. "अन् हसवे लय. खोलीत सगळ्यायले हसवे."

काकांनी मान हलवली. मग गळ्यातला रिमोट हातात घेतला आणि प्लेअर लावला. आत जी सीडी होती तीच सुरू झाली. बाजाराच्या गर्दीत तो माणूस आला, पायासमोर पाय टाकत, आणि काकांनी चित्र थांबवलं.

"मंग हा कोण होय?"

सुखदेव उठून टीव्हीजवळ गेला. "हा नोहे टेकू. हा छत्तीसगडकडला होता कोणी. धानाच्याच मुलखातला. लय वर्सं दिसे सेटवर. बोले नाई कोणासंग. नाव नाई मालूम."

"हाय का आता?"

"काय मालूम, भाऊ."

सुखदेवला मांडवातून बोलावणं आलं. त्याने काकांचे हात धरले आणि तो गेला. बाहेर बँड वाजत होता. पडद्यावर तो माणूस तसाच थांबलेला होता.

"बंद करा आता थे," काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी बंद केलं नाही. मी जवळ जाऊन बसलो.

"याच्या घरचे पाहून राहिले असन का याले?" काकांनी मला विचारलं.

"असतील," मी म्हटलं.

"नसन तं?"

काका पडद्याकडेच बघत होते. मग त्यांनी बटण दाबलं, आणि तो माणूस गर्दीतून पुढे चालू लागला.

"मंग आपण पाहू," ते म्हणाले.