नामदेवकाका आणि लपवलेली पोर

नामदेवकाका लग्नाला अक्षता टाकायला जात आणि परत येताना चार-पाच पाहुण्यांचं रक्त काचेवर घेऊन येत. नमस्कार करण्याआधी ते समोरच्याच्या कपाळाला हात लावत. कपाळ गरम लागलं की खिशातून सुई निघे. "बोट दे बाबा. ताप खोटं बोलेल, रक्त बोलणार नाय."

ते आमच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासत. विमानतळ जवळच, म्हणून मलेरियाच्या देशांतून आलेल्यांच्या घरी जाऊन रक्त घेणंही त्यांच्याकडेच. मी त्यांच्या हाताखाली कामाला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण सूक्ष्मदर्शकातून बघायला मला शिकवलं ते सहावी शिकलेल्या काकांनी. त्यांची मोबिलेट फटफटी गल्लीत शिरली की आया पोरांना उसात पिटाळत.

एकदा सावित्री चार वर्षांच्या कमलाला घेऊन मादागास्करहून माहेरी आली. आम्ही रक्त घ्यायला गेलो.

"पोर मावशीकडे गेलीय काका, सूयाक गावाला."

पोर स्वयंपाकघरामागे होती, तापाने फणफणलेली. सुईला रडते म्हणून आईने लपवली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलाला झटके आले आणि तिची शुद्ध हरपली. रुग्णालयात डॉक्टरांना मेंदूज्वराचा संशय होता. आम्हालाही बोलावणं आलं. पहिल्या काचेत मला काहीच दिसलं नाही.

"नाय दिसलं म्हणजे नाय, असं नाय," म्हणत काकांनी पुन्हा बोट टोचलं, दाट थेंब घेतला, वाळवला, रंगवला. मग कितीतरी वेळ डोळा भिंगावरून हलला नाही.

"ये, बघ. बारीक अंगठ्या दिसतात? डॉक्टरला सांग, मलेरियाच आहे, आणि वाईटातला."

क्विनाइन सुरू झालं, साखरेच्या पाण्यातून, शिरेत, थेंब थेंब. पोरीच्या रक्तातली साखरही उतरली होती.

सावित्री काकांपुढे रडायला लागली. "मी खोटं बोलले, काका."

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "मी दारातूनच सुई काढतो. पोरं घाबरणार नाय तर काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलाने डोळे उघडले. काका बाहेरच थांबले.

"तू जा आत. नाव विचार. नीट सांगितलं, म्हणजे डोकं शाबूत आहे."

"तुम्हीच चला ना."

"मला बघून रडेल ती."

मी आत जाऊन विचारलं. "कमला," ती म्हणाली आणि तिने पाणी मागितलं.

मी सांगायला बाहेर आलो. काका दाराशेजारी भिंतीला पाठ चिकटवून उभे होते, आतून दिसणार नाहीत असे.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "अजून एकदा विचार."