उसाआडचा बोर्ड

चिमाबाई गेल्या हे निरगुडसर गावाला कळलं फ्लेक्समुळे, आणि कळलं ते उलटंच!

झालं असं, की बाईंचा एकटीचा फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की त्या चुलीकडे पळायच्या. शोधून शोधून एकच सापडला, पुतणीच्या हळदीतला. त्यात त्या तोंडभर हसत होत्या. दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. खालची 'भावपूर्ण श्रद्धांजली' समोरच्या ट्रॅक्टरआड गेली आणि वरचं हसू तेवढं रस्ताभर दिसत राहिलं.

नारायणगावची जीप चालवणारा पप्पू लांबूनच ओरडला, "सावळेरामआबा! काकू निवडून आल्या जनू! पेढे कुठंयत?"

चिमाबाईंचा नवरा सावळेराम फ्लेक्सखालीच उभा होता. ट्रॅक्टर पुढं सरकला, पप्पूनं खालचं वाचलं आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

महिना गेला. मंडळी, चिमाबाईंची मासवडी म्हणजे काय, ते खाल्लेल्यालाच ठाऊक. बेसनाची वडी, आत तीळखोबऱ्याचं सारण, सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. बोर्ड कधीच नव्हता. वास रस्त्यावर गेला की जाणारी जीप दारात थांबायची, गोठ्याशी बैल थांबावा तशी! आता जीप थांबत नव्हती. पप्पूसुद्धा घर आलं की दुसरीकडे बघत गिअर बदलायचा. सावळेरामला तेच सोसेना. बाई एकदा गेली होती; पण न थांबता जीप गेली, की त्याला वाटायचं, आज पुन्हा गेली.

"जीप थांबवून दाखवतो!" त्यानं सुनेला, वृषालीला, छाती फुगवून सांगितलं. "जाहिरात करायची!"

"आन मासवडी कोन करनार?"

"तू!"

"आबा, माजी वडी उकलती. पीठ किती घट्ट ते आत्यांनी कधी सांगितलंच न्हाई. 'हाताला कळतं' म्हनायच्या."

"मग कळंल की हाताला! आदी जाहिरात, मग माल. मोठ्या कंपन्या असंच करत्यात!"

सावळेरामचा कंपन्यांशी आलेला संबंध म्हणजे खताची रिकामी पोती.

चौकातला फ्लेक्स त्यानं घडी घालून कपाटात ठेवला होता. गावात उतरलेला फ्लेक्स कांद्याच्या ढिगावर जातो. हा त्यानं जाऊ दिला नव्हता. आता विळ्यानं खालची 'श्रद्धांजली' कापली. उरला तो हसरा चेहरा. वळणावर एक लोखंडी बोर्ड होता, निम्मा उसात बुडालेला. वरचं चित्र उन्हानं पार पांढरं पडलेलं. "रिकामाच हाय की!" म्हणत त्यानं चेहरा तिथं तारेनं आवळला. शेजारच्या लिंबाला पत्रा ठोकला, 'चिमाबाईची मासवडी, पुढे डाव्या हाताला'.

जीपा जात राहिल्या. थांबली एकही नाही.

मग ऊसतोड आली! दुपारपर्यंत वळणावरचा फड आडवा झाला आणि इतके दिवस उसात दडलेला बोर्डाचा खालचा भाग उघडा पडला. वर चिमाबाई हसत होत्या. खाली लाल अक्षरं होती:

'सावधान! या भागात कायम वावर आहे. अंधारात एकटे फिरू नये. समोर आल्यास पळू नये, मोठ्याने बोलावे. लहान मुलांना सांभाळावे.'

बोर्ड बिबट्याचा होता! वर चित्र आहे म्हटल्यावर खाली नाव लिहायची लिहिणाऱ्याला गरज वाटली नव्हती.

संध्याकाळच्या आत चिमाबाईंचा भाऊ धर्माजी मोटरसायकलवर बोर्डाखाली हजर! "दाजी! माज्या बहिणीला बिबट्या केला तुमी?"

"म्या न्हाई केला पावणं, ऊसतोडीनं केला!"

"'समोर आल्यास पळू नये'! ही काय भाषा झाली?"

पप्पूची जीप आपोआप थांबली होती. तो मान बाहेर काढून म्हणाला, "पन ते बराबर हाय राव. म्या एकदा न जेवता पळालो व्हतो. काकू उलथनं घेऊन पार वढ्यापतुर मागं आल्या!"

"आन 'मोठ्याने बोलावे'?"

"डाव्या कानानं कमी ऐकू यायचं की त्यांना!"

धर्माजीनं रागानं पुन्हा वर बघितलं. बहीण हसतच होती. त्याचे ओठ हलले, मग खांदे हलायला लागले. "ल्हानपनी आमी खरंच एकटं फिरत नव्हतो रं," तो म्हणाला. "दिसलो की धरून आंघोळ घालायची!" आणि टॉवेलानं डोळे पुसत बराच वेळ तिथंच उभा राहिला.

पप्पूनं काढलेला बोर्डाचा फोटो फोनाफोनांतून फिरला. दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली! मागं आणखी एक! मागं पुण्याची मोटार!

"वृषाली! थांबली! थांबली!" सावळेराम अनवाणीच धावला.

जीपमधून एक पाहुणा उतरला आणि हसत ओरडला, "कुठंयत काकू? आमी मोठ्यानं बोलायला तयार हाय!"

सावळेराम जागच्या जागी थांबला. इतका हसरा चेहरा बघून कोण म्हणेल बाई गेली? ते सांगणारी अक्षरं त्यानंच विळ्यानं कापली होती.

"गेली ती," तो म्हणाला. "महिना होऊन गेला."

पाहुण्यानं टोपी काढली. तेवढ्यात आतून वृषालीचा टाहो, "आबा, परत उकलली वो!"

सारण रश्श्यात, बेसन सारणात! तरी कुणी परत गेलं नाही. सगळ्यांनी भाकरी कुस्करून तेच वाटीवाटीनं ओरपलं. पप्पू नाक पुसत म्हणाला, "वहिनी, हिला मासवडी म्हनायची न्हाई. पन वास त्योच हाय."

त्याच दिवशी सावळेरामनं चेहरा सोडवला. वनखात्याला फोन केला, तेव्हा बोर्डावर नवा बिबट्या आला आणि जुन्या अक्षरांना त्यांचा मालक मिळाला. चिमाबाई आता चुलीसमोरच्या भिंतीवर आहेत, सुनेच्या हाताकडे बघत हसत.

जीप रोज थांबते. पप्पू विचारतो, "आबा, जमली का?"

"उद्या!" सावळेराम तितक्याच जोरात सांगतो.

लिंबावरचा पत्रा त्यानं काढून ठेवलाय; आता आधी माल, मग जाहिरात. वडी अजून उकलते. बोर्ड लावायचा राहिलाय.